एका पगारातलं पहिलं घर



२००४ सालची गोष्ट आहे. न्हावा शेव्याच्या बंदरालगत एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात मी कारकून होते. पगार महिना ६,२०० रुपये. मुलगी चौथीत होती आणि तिचे वडील जाऊन वर्ष झालं होतं. उरणमध्ये भाड्याच्या एका खोलीत आम्ही दोघी राहायचो. दर अकरा महिन्यांनी करार संपला की छातीत धडधड व्हायची. एक दिवस अर्धी रजा टाकून मी बँकेत गेले आणि घरासाठी कर्ज हवं असल्याचं सांगितलं. साहेबांनी अर्ज हातात घेतला आणि तो वाचण्याआधीच विचारलं, "मिस्टर काय करतात?"

ते नाहीत, असं मी सांगितलं. "मग वडील? भाऊ?" वडील थकलेले होते. भाऊ आखातात होता आणि त्याचा संसार त्याला पुरे होता. साहेबांनी अर्ज परत दिला. माणूस वाईट नव्हता. "ताई, पुढेमागे बघू," म्हणाले.

यार्डात परतले तेव्हा गेटवर एक रिकामा कंटेनर अडकून पडला होता. त्याचा कागद पुरा नव्हता. पोर्टाच्या कामात रिकामी पेटीसुद्धा कागदाशिवाय गेटबाहेर पडत नाही. तिथेच माझ्या मनात आलं, की साहेबांनी नवऱ्याची चौकशी केली खरी, पण त्यांना खात्री हवी होती ती पैसे परत येण्याची. ती खात्री मी कशी देणार होते? पगार रोख मिळायचा. भाडं रोख द्यायचं. शिल्लक भिशीत टाकायची. मी एका पैशाचं देणं कधी चुकवलं नव्हतं, पण हे सांगणारा एकही कागद माझ्यापाशी नव्हता.

मी कविता लिहिणारी बाई आहे, बँकिंग हा माझा प्रांत नाही. पण एकेक हप्ता भरत जे शिकले, ते आज तुम्हाला सांगणार आहे. एकट्याने मूल वाढवणाऱ्या आणि थोडक्या पगारात घर घेऊ पाहणाऱ्या आईला किंवा बापाला त्यातलं काही उपयोगी पडेल.

आधी घरचा हिशेब

कर्ज देताना बँक साधारणपणे असा विचार करते, की हातात पडणाऱ्या पगाराच्या चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत हप्ते गेले तर चालेल. आजचा एक सोपा हिशेब करू. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी कर्ज घेतलं, तर दर लाखाला महिन्याचा हप्ता सुमारे ९०० रुपये बसतो. पगार २५,००० असेल, तर चाळीस टक्के म्हणजे १०,००० रुपये. एवढ्या हप्त्यात अकरा लाखांच्या आसपास कर्ज बसतं. हा झाला बँकेचा हिशेब.

घरचा हिशेब निराळा असतो. दोन कमावते असले तर एकाचं काम सुटलं तरी दुसऱ्याच्या पगारावर चूल पेटते. आपल्याकडे तो दुसरा पगार नाही. मुलाला टायफॉइड झाला की औषधाचा खर्च वाढतो आणि त्याच आठवड्यात आपला खाडाही होतो. म्हणून बँक किती देते, हे विचारण्याआधी आपल्याला किती पेलतं, ते ठरवावं. त्यासाठी हप्त्याची रंगीत तालीम करावी. समजा, आज भाडं ५,००० आहे आणि उद्याचा हप्ता ९,००० होणार आहे. मग वरचे ४,००० आजपासूनच दर महिन्याला बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकायला लागावं. दीड वर्ष ते न चुकता जमले, तर ७२,००० रुपये आणि वर व्याज हाती येतं. बँकेच्या पुस्तकात अठरा नोंदी होतात आणि आपल्यालाही आपली ताकद कळते. सहाव्या महिन्यातच ठेव मोडावी लागली, तर घर लहान बघावं किंवा वर्षभर थांबावं. तालमीत चुकलेलं बरं.

शिवाय तीन-चार हप्त्यांएवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय सही करू नये, असं माझं मत आहे. घर घेताना माणूस पेटीतला शेवटचा रुपयाही बाहेर काढतो. एकट्या कमावणाऱ्याला ते परवडत नाही.

कागदावरची आपली ओळख

बँकेतून परत आल्यावर मी पहिली गोष्ट केली. आमच्या शेठना म्हटलं, "मला पगार चेकने द्या." ते हसले, पण दिला. आज पगार खात्यावर जमा होणं सोपं झालं आहे. तरी कंत्राटी कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, मासळी विकणाऱ्या कोळणी यांची कमाई रोखीतच असते. त्यांनी निदान ती कमाई नियमाने खात्यात भरावी. उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असलं, तरी प्राप्तिकराचं विवरणपत्र भरता येतं. सलग दोन-तीन वर्षांची अशी विवरणपत्रं कर्जाच्या वेळी मोठा आधार होतात. फंडाची नोंद, भाड्याची ऑनलाइन पावती आणि विजेचं बिल हे कागदही कामाला येतात. छोट्या उत्पन्नाच्या घरांना कर्ज देणाऱ्या काही गृहवित्त कंपन्या कामाच्या जागी येऊन, गल्ला बघून, शेजारीपाजारी विचारून कमाईचा अंदाज घेतात. तिथे व्याज बहुधा बँकेपेक्षा जास्त असतं, हे लक्षात ठेवावं. मलाही शेवटी कर्ज मिळालं ते अशाच दुसऱ्या दारातून.

दिवंगत पतीचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल, तर ते उत्पन्नात धरलं जातं. घटस्फोटितेला पोटगी मिळत असेल, तर कोर्टाचा हुकूम आणि दरमहा खात्यात पडलेली रक्कम, दोन्ही दाखवावं. काही संस्था ती धरतात, काही धरत नाहीत. आपण विचारावं.

दुसरी गोष्ट पतगुणांची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या सिबिलची. ही संस्था २००० साली स्थापन झाली. तिच्याकडे कर्जदारांची हजेरी असते आणि ३०० ते ९०० यांमध्ये गुण दिले जातात. वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मागवता येतो. अर्जाच्या सहा महिने आधी तो मागवावा, कारण चूक निघाली तर ती दुरुस्त व्हायला वेळ लागतो. बिनव्याजी म्हणून हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचा चुकलेला हप्ता तिथे दिसतो. वेगळ्या झालेल्या जोडप्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घटस्फोटाने लग्न संपतं, पण दोघांच्या नावावरच्या कर्जातली आपली सही संपत नाही. नवऱ्याने हप्ता थकवला की गुण आपलेही उतरतात.

लिहिता न येणाऱ्या बाईचं काय, असं कुणी विचारेल. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. त्या बायकांनी लिहावाचायचे धडे घेतले आणि व्याजाचा तोंडी हिशेब करून दाखवायची तयारी ठेवून अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हिशेब आपल्या बायकांना येतोच. त्याची कागदावर नोंद करायची सवय तेवढी लागायला हवी.

घराचीही कुंडली बघावी

बँक जशी माणूस तपासते तसं घरही तपासते. आमच्या भागात याला फार महत्त्व आहे. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं. त्याआधी नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं आणि त्यात पाच जणांनी प्राण दिले. पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. या भूखंडांवरच्या इमारतींतली घरं सर्रास विकली जातात. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असते. म्हणून भूखंडाचा करार, त्याचं हस्तांतर आणि घर गहाण ठेवायला सिडकोचं ना-हरकत पत्र, ही साखळी पुरी आहे का ते बघावं लागतं.

गावठाणाला लागून गरजेपोटी बांधलेली घरंही पुष्कळ आहेत. कुटुंबं वाढली तशी गावकऱ्यांनी ती बांधली. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि खरा आहे. पण अशा इमारतीतली खोली बाहेरच्याने विकत घेताना सावध असावं. बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र नसेल, तर बँक सहसा कर्ज देत नाही. मग दलाल म्हणतो, "बँक कशाला, नोटरी करून टाकू." १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये आणि त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय पक्की होत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. बँकेने एखाद्या घराला नकार दिला की आपण चिडतो. कधी कधी तो नकार आपलेच पैसे वाचवत असतो.

नवी इमारत असेल तर महारेराचा क्रमांक बघावा. महारेरा २०१७ पासून आहे. नोंदलेला करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. सिडकोच्या सोडतीचाही मार्ग आहे. २०१८ साली आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी १४,८३८ घरांची सोडत निघाली, तीत द्रोणागिरीचीही घरं होती. सोडतीत नाव लागणं हा नशिबाचा भाग आहे. पण नाव लागल्यावर पैसे भरायच्या तारखा ठरलेल्या असतात, तेव्हा कर्जाची तयारी आधी हवी.

आपण एकल पालक आहोत म्हणून आणखी एक मुद्दा. पतीच्या नावावरचं घर गहाण ठेवून नवं घेऊ, असं पुष्कळ विधवा बहिणी म्हणतात. पती वारल्यावर त्या घरात मुलांचेही हिस्से येतात. मूल अज्ञान असेल, तर हिंदू असो की मुसलमान, कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याचा हिस्सा गहाण ठेवता येत नाही. आईच्या सहीचं मोल आपल्या कायद्यात उशिरा वाढलं. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तर बापाची सही आणा, असं उत्तर आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बाप हयात असूनही मुलाचा सांभाळ प्रत्यक्षात आईकडे असेल, तर आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असा निकाल १९९९ मध्ये लागला. तो हिंदू कायद्याखालचा निकाल आहे. मुसलमान आईला मुलाच्या मालमत्तेपुरतं आजही १८९० च्या पालकत्व कायद्याने कोर्टात जावं लागतं.

पदरचे पैसे आणि सवलती

तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ शकते. पंधरा लाखांचं घर असेल तर निदान दीड लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च यात धरलेला नसतो. मुद्रांक शुल्क जागेप्रमाणे साधारण पाच ते सात टक्के असतं आणि नोंदणी एक टक्का. म्हणजे आणखी लाखभर रुपये हाताशी हवेत. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावावर निवासी घर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पंधरा लाखांवर पंधरा हजार वाचतात. हा लहान मुलाचा वर्षभराचा शाळेचा खर्च आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेची जुनी व्याज सवलत ३१ मार्च २०२२ ला संपली. शहरी योजनेचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून आहे. वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न, देशात कुठेही पक्कं घर नसणं, घराची किंमत पस्तीस लाखांपर्यंत आणि कर्ज पंचवीस लाखांपर्यंत, या अटींत बसणाऱ्याला पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज अनुदान मिळतं. ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजार असून पाच वार्षिक हप्त्यांत येतं. विधवा आणि एकट्या स्त्रियांना या योजनेत प्राधान्य आहे. मात्र अनुदान मिळेल असं धरून मोठं घर घेऊ नये. ते आलं तर कर्जात भरावं.

माझं घर ४ लाख १० हजारांचं होतं. तीन लाख कर्ज मिळालं. बाकीची रक्कम मेहेरच्या बांगड्या, दोन वर्षांची ठेव आणि भावाने पाठवलेले ३० हजार यांतून उभी राहिली. अम्मीने एकच प्रश्न विचारला, "बेटी, सूद चालेल?" मी दोन रात्री झोपले नाही. बिनव्याजी दुसरा मार्ग माझ्यासमोर नव्हता. बँकांत तशी खिडकी उघडण्याचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने पुढे २०१७ मध्ये बाजूला ठेवला. मी माझा निर्णय घेतला. कुणी वेगळा घेतला, तर मी तिच्याकडे बोट दाखवणार नाही.

सही कुणाची, नाव कुणाचं

एकट्या अर्जदाराला सह-अर्जदार आणायला सांगतात. इथे तीन शब्द वेगळे ओळखावेत. सह-अर्जदार कर्ज फेडायला बांधलेला असतो. सह-मालकाचं नाव घराच्या करारात असतं. जामीनदाराचं नाव घरात नसतं, पण कर्ज थकलं तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. भाऊ सह-अर्जदार झाला, म्हणून त्याला मालक करायलाच हवं असं बहुतेक ठिकाणी नसतं. ते आधी विचारून घ्यावं. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेने १९८४ पासून गरिबांना घरकर्ज दिलं, तेव्हा जमीन बाईच्या नावावर हवी अशी अटच घातली. तलाक झाला तरी तिला कुणी बाहेर काढू नये, हा हेतू होता.

कर्जाबरोबर विम्याची मोठी पॉलिसी गळ्यात घालतात आणि तिचा हप्ताही कर्जात मिळवतात. ती घेण्याची सक्ती नाही. पण आपल्यामागे मूल एकटं आहे, तेव्हा कर्जाएवढा साधा मुदतीचा विमा जरूर घ्यावा. तो स्वस्तात मिळतो.

हप्ता तोच, वर्षं वाढली

२००६ मध्ये माझं कर्ज मंजूर झालं. व्याज ९ टक्के, मुदत १५ वर्षं, हप्ता ३,०४३ रुपये. पगार तोवर ७,८०० झाला होता. पहिल्या हप्त्यातले २,२५० रुपये व्याजात गेले आणि मुद्दल उतरलं फक्त ७९३. सुरुवातीला असंच असतं. दोन वर्षं मी एकही तारीख चुकवली नाही. २००८ मध्ये सहज उतारा मागितला आणि माझे पाय गळाले. व्याजदर चढत चढत १२ टक्क्यांवर गेला होता. हप्ता तोच होता, म्हणून मला काही कळलंच नव्हतं. शिल्लक कर्ज २ लाख ७९ हजार होतं आणि उरलेली मुदत तेरा वर्षांची जवळजवळ एकवीस वर्षं झाली होती. मुलीचं लग्न होऊन नातवंडं शाळेत गेली असती, तरी मी हप्तेच भरत राहिले असते.

ऑफिसातल्या हिशेबनिसांनी आकडे मांडून दाखवले. महिन्याला फक्त ५०० रुपये वाढवले, तर मुदत पुन्हा तेरा वर्षांवर येत होती. मी संध्याकाळी दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या. पुढे दर खाली आले, दिवाळीचा बोनस मी कर्जात भरत गेले आणि २०१९ मध्ये, ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी, कर्ज फिटलं.

आता नियम सुधारले आहेत. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे दर बदलला की त्याचा परिणाम कर्जदाराला सांगावा लागतो आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची संधी द्यावी लागते. बदलत्या दराचं घरकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यावे लागतात, नाहीतर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. मी मात्र माझ्या कागदांसाठी तीन महिने खेटे घातले.

आणि हप्ता चुकलाच तर? तोंड लपवू नये. नव्वद दिवस थकबाकी राहिली की खातं बुडीत वर्गात जातं आणि मग २००२ च्या कायद्याने साठ दिवसांची नोटीस येऊ शकते. त्याआधीच जाऊन बोलावं आणि लेखी अर्ज द्यावा. पहिल्या महिन्यात गेलेल्या माणसासाठी बँकेकडे मार्ग असतात.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला आणि त्याच दिवशी उरणची लोकलही आली. घरांचे दर पुन्हा चढणार, अशी चर्चा इथे रोज ऐकू येते. घाईने टोकन देणाऱ्या तरुण आया मला भेटतात. मी त्यांना म्हणते, आधी तालीम करा.

माझी खोली तीनशे वीस फुटांची आहे. कर्जाचे कागद परत आले, त्या दिवशी मुलीने ते उघडून करार वाचला. मालक म्हणून एकच नाव होतं, माझं. ती म्हणाली, "अम्मी, यात कुठेच कुणाची पत्नी असं लिहिलेलं नाही." मी पुन्हा वाचलं. लिहिलेलं होतं, 'व्यवसाय : नोकरी'.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)